जमिनीचा तोंडी सौदा कोर्टात टिकतो का?



गेली अठ्ठावीस वर्षे मी तुमच्या बांधावर येतो आहे तो बियाणे, खते, कीड आणि पाणी यांच्या गोष्टी घेऊन. आजचा विषय वेगळा आहे. तुम्ही म्हणाल, कृषी विस्तार अधिकाऱ्याचे कोर्टकचेरीत काय काम? काम आहे. ज्या जमिनीत तुम्ही कलमे लावणार, विहीर पाडणार, ठिबक बसवणार, ती जमीन आधी तुमची असली पाहिजे. आणि ती कागदोपत्री तुमची नाही, हे पुष्कळदा माझ्याच टेबलावर, अनुदानाचा अर्ज भरताना उघडकीला येते.

२०१७ सालची गोष्ट सांगतो. एक शेतकरी ठिबकचा अर्ज घेऊन आले. सोबत त्यांची पत्नीही होती. एक एकर डाळिंबाची बाग. मी स्वतः पाहिलेली, झाडे कशी मुलासारखी वाढवलेली. अर्जासोबत सातबारा आणि आठ-अ लागतो. सातबारा पाहिला तर त्यावर नाव दुसऱ्याचेच.

"हे काय?" मी विचारले.

"साहेब, जमीन माझीच आहे. २०११ साली शेजारच्या तात्यांकडून चार लाखाला घेतली. साडेतीन दिले. पन्नास हजार खरेदीच्या दिवशी द्यायचे ठरले. तात्या म्हणाले, खरेदीचं काय, कधीही करू. तू कसायला लाग."

"आणि कागद?"

"कागद कशाला? तात्यांचा शब्द होता."

शब्द होता हे खरे. पण तात्या २०१६ साली वारले. दरम्यान शेजारून रस्ता रुंद झाला आणि जमिनीचे भाव तिप्पट-चौपट झाले. मी सातबारा नावावर करून आणा म्हटल्यावर हे गृहस्थ तात्यांच्या मुलांकडे गेले. मुलांनी सांगितले, "आमच्या वडिलांनी जमीन अर्धलीने दिली होती. विकली असं आम्हाला कधी बोलले नाहीत."

सहा वर्षे घाम गाळलेली जमीन एका वाक्यात अर्धलीची झाली. दुसऱ्या खेपेला दोघे आले तेव्हा बाई काहीच बोलल्या नाहीत. त्या टेबलावरच्या सातबाऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

मी वकील नाही, शेतकीचा पदवीधर आहे. पण त्या दोघांबरोबर तालुक्याच्या कोर्टात गेलो, वकिलांना विचारले, कायद्याची पुस्तके चाळली. तेव्हा जे उमगले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. त्या दोघांचे पुढे काय झाले तेही सांगेन.

दोन गैरसमज

गावात दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक म्हणतो, "कागद नाही म्हणजे काहीच नाही, गेले ते पैसे." दुसरा म्हणतो, "शब्द दिला, पैसे दिले, कब्जा घेतला, म्हणजे जमीन माझी झाली." दोघेही चुकतात.

आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. दोन्ही पक्ष सज्ञान आणि शहाणे असतील, राजीखुशीने बोलणे झाले असेल, मोबदला ठरला असेल आणि हेतू बेकायदा नसेल, तर तोंडी करारही करारच असतो. जमीन विकण्याचे वचन कागदावरच पाहिजे, नाहीतर ते रद्द, असे आपल्याकडचा कायदा म्हणत नाही.

परंतु १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा दुसरी गोष्ट सांगतो. १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीची विक्री नोंदवलेल्या खरेदीखतानेच होते. आज १०० रुपयांत वीतभर जमीनही येत नाही. म्हणजे नोंदवलेले खरेदीखत झाल्याशिवाय मालकी बदलत नाही, हे पक्के समजा. विक्रीचा नुसता करार झाल्याने घेणाऱ्याचा त्या जमिनीत मालकी हक्क तयार होत नाही, असे याच कायद्याचे ५४ वे कलम सांगते.

मग तोंडी कराराने मिळते काय? समोरच्याला "ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून दे" असे कोर्टामार्फत सांगण्याचा हक्क मिळतो. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरले, पण लागले नाही. तसेच हे आहे. ठरलेले लग्न मोडले तर कोर्ट कुणाला बोहल्यावर उभे करत नाही. जमिनीच्या सौद्यात मात्र कोर्ट देणाऱ्याला खरेदीखत करून देण्याचा हुकूम करू शकते. ही सोय १९६३ सालच्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात आहे. वकील मंडळी त्याला करारपूर्तीचा दावा म्हणतात.

पूर्वी असा हुकूम द्यावा की नुसती भरपाई द्यावी, हे बरेचसे न्यायाधीशांच्या मर्जीवर असे. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या सुधारणेने ती मर्जी पुष्कळ कमी केली. तरीही करार सिद्ध करण्याचे ओझे हलके झालेले नाही.

शब्द खरा, पण सिद्ध कोण करणार?

सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली आंध्रातील एका जागेच्या दाव्यात तोंडी करार मान्य केला. पुढे रीतसर कागद करू असे बोलणे झाले होते, एवढ्यावरून आधी ठरलेला सौदा कच्चा ठरत नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. २००९ सालच्या निकालातही तोंडी करार वैध असू शकतो हे पुन्हा सांगितले. पण १९९० सालच्या निकालात दुसरी बाजू मांडली आहे. तोंडी करार झाला हे सिद्ध करण्याचा भार दावा लावणाऱ्यावर असतो आणि तो भार जड असतो. त्या दाव्यात घेणाऱ्यांना तो उचलता आला नाही आणि ते हरले.

म्हणजे, "तोंडी करार चालतो का" हा प्रश्न मोठा नाही. "दाखवता येतो का" हा खरा प्रश्न आहे. कोर्ट पुढच्या चार गोष्टी तपासते.

१. जमीन कोणती? गट नंबर कोणता, क्षेत्र किती, चतुःसीमा काय? "ओढ्याकडची पट्टी" एवढ्याने भागत नाही.

२. किंमत किती? एकरी की उक्ती? दिले किती, राहिले किती?

३. कोणी कोणाला कबूल केले? स्वतः मालकाने, की त्याच्या भावाने वा मेहुण्याने मालकाच्या वतीने? मालकाने अधिकार दिला नसेल तर मेहुण्याच्या शब्दाने मालक बांधला जात नाही.

४. सौदा पक्का झाला होता की बोलणी चालू होती? "बघू, घरात विचारतो", "दिवाळीनंतर बसू" हे करार नव्हेत. घासाघीस संपून दोघांची मने एका आकड्यावर आली होती का, हे कोर्ट बारकाईने बघते.

यातली एक गोष्ट जरी लटकी पडली तरी दावा लटकतो. साक्षीदार एकाने चार लाख सांगितले आणि दुसऱ्याने साडेचार सांगितले, तर समोरचा वकील त्याच फटीत पहार घालतो.

पुरावा म्हणजे काय?

आमच्या डाळिंबवाल्यांकडे काय होते ते पाहू. कागद नव्हता. पण शोधायला लागलो तसे एकेक निघत गेले.

दुसरा हप्ता दीड लाखाचा होता. तो उसाच्या बिलातून दिला होता. बँकेच्या पासबुकात बिल जमा झाल्याची आणि त्याच दिवशी दीड लाख काढल्याची नोंद सापडली. तात्यांच्या बँक खात्यातही दुसऱ्या दिवशी तेवढीच रक्कम भरल्याचे पुढे दाव्यात निघाले.

बोलणी झाली तेव्हा तात्यांचे धाकटे भाऊ हजर होते. त्यांची वाटणी फार पूर्वी झालेली, या जमिनीत त्यांचा रुपयाचा संबंध नाही. अशा माणसाची साक्ष वजनदार ठरते. आपला मेहुणा आणि आपला सालगडी यांच्या साक्षीला कोर्ट तेवढे मानत नाही.

आणि तिसरा पुरावा बाईंच्या माजघरात होता. गाय कधी लागवडीला गेली, कधी व्याली, गॅसची टाकी कधी आली, हे सारे त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवत. जुनी कॅलेंडरे त्यांनी टाकली नव्हती. २०११ च्या कॅलेंडरवर एका तारखेखाली दोन ओळी होत्या. "कपिला व्याली. तात्यांना दीड लाख." पासबुकातली तारीख तीच.

कोर्टात बाईंची उलटतपासणी झाली. वकिलांनी विचारले, "एवढ्या वर्षांपूर्वीची तारीख तुम्हाला कशी आठवते?" बाई म्हणाल्या, "गाय व्याली त्या दिवशी पैसे दिले. गाय व्यालेली बाईला आठवते."

ध्यानात ठेवा, आपणच लिहिलेली टिपणे एकटी पुरत नाहीत. तसे असते तर कोणीही वहीत काहीही खरडले असते. पण त्या वेळी लिहिलेल्या टिपणावरून साक्षीदाराला आठवण ताजी करता येते, आणि बँकेच्या नोंदीला व बाहेरच्या माणसाच्या साक्षीला त्याची जोड मिळाली की साखळी तयार होते.

आता फोनवरचे संदेश आणि रेकॉर्डिंग यांचाही उपयोग होतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्यानुसार अशा पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून जुना फोन मोडीत घालू नका, संदेश पुसू नका आणि वकिलाला तो फोन दाखवा.

रोख रकमेविषयी एक सूचना. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, व्यवहारापोटी २ लाख रुपये किंवा अधिक रोख दिल्याचे दाव्यात म्हटले असेल, तर ती माहिती कोर्टाने आयकर खात्याला कळवावी. तेव्हा पिशवीतून नोटा नेण्याचे दिवस गेले. पैसे बँकेतूनच द्या. तोच तुमचा पहिला साक्षीदार.

उरलेले पैसे कोठे होते?

करार सिद्ध झाला तरी घेणाऱ्याला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ठरलेल्या दिवसापासून शेवटपर्यंत आपण आपली बाजू पुरी करायला तयार होतो आणि तशी आपली इच्छाही होती, हे त्याने दाखवले पाहिजे. नुसते "मी तयार होतो" म्हणून चालत नाही. पैसे कोठून आणणार होता, हेही विचारले जाते.

आमच्या शेतकऱ्याला उलटतपासणीत हाच प्रश्न आला. "राहिलेले पन्नास हजार होते कोठे?" त्यांनी सोसायटीतील ठेवीची पावती पुढे केली. तात्यांचे पैसे म्हणून त्यांनी ती ठेव मोडली नव्हती. घरात मुलीचे लग्न झाले, बोअर आटली, तरी मोडली नव्हती. हा माणूस वचनाला पक्का होता, हे त्या एका पावतीने दाखवले.

तीन वर्षांची मुदत

पुष्कळजण इथेच ठेच खातात. खरेदीखताची तारीख ठरली असेल, तर त्या तारखेपासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तारीख ठरलेली नसेल, तर समोरचा नाकारतो आहे हे कळले त्या दिवसापासून ३ वर्षे. मुदत टळल्यावर दावा लावणे म्हणजे वरातीमागून घोडे.

मुदतीच्या आत असलात तरी सुस्त बसू नका. जमिनीचे भाव झपाट्याने वाढतात, म्हणून घेणाऱ्याने नकार मिळताच हालचाल करावी, केवळ ३ वर्षे शिल्लक आहेत म्हणून थांबू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बजावले आहे. "भावकीतले आहेत, आज ना उद्या ऐकतील" या आशेवर पुष्कळांची मुदत निघून जाते. समजुतीची बोलणी जरूर करा, पण नोटीस पाठवून करा.

तात्या गेले, शब्दही गेला का?

नाही. करार कायद्याच्या ३७ व्या कलमाप्रमाणे माणूस वारला तरी त्याचे वचन त्याच्या वारसांना पाळावे लागते, करारावरून उलटे काही ठरलेले नसेल तर. म्हणून तात्यांच्या मुलांवर दावा लावता आला.

पण इथे एक गाठ होती. जमीन वडिलोपार्जित होती आणि तात्यांना एक मुलगीही होती, लग्न होऊन परगावी गेलेली. २००५ च्या सुधारणेने मुलीलाही मुलाप्रमाणे जन्मापासून वडिलोपार्जित मिळकतीत वाटा आहे, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. कुटुंबाच्या कर्त्याला कौटुंबिक गरजेसाठी अशी मिळकत विकता येते. मात्र ती गरज खरी होती हे दाखवावे लागते. नाहीतर त्याच्या शब्दाने इतरांचे वाटे बांधले जात नाहीत. म्हणून मुलीलाही दाव्यात सामील केले.

ज्या घरात चार भाऊ आणि दोन बहिणी आहेत, त्या घरातल्या एका भावाच्या शब्दावर पूर्ण गटाचा सौदा करू नका. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव नसले म्हणून तिचा वाटा नाही असे होत नाही.

कब्जा आणि बारा वर्षे

"बारा वर्षे कसली की जमीन आपली" हे वाक्य तुम्ही पारावर ऐकले असेल. मालकाच्या मर्जीने, सौद्यापोटी मिळालेला कब्जा हा परवानगीचा कब्जा असतो. तो विरोधी कब्जा होत नाही. त्यामुळे बारा काय, वीस वर्षे कसली तरी तेवढ्यावर मालकी येत नाही.

कराराप्रमाणे कब्जा मिळालेल्या घेणाऱ्याला त्या कब्ज्याचे संरक्षण देणारे कलम कायद्यात आहे, ५३-अ. पण त्यासाठी करार लेखी हवा, आणि २००१ च्या सुधारणेनंतर झालेला करार असेल तर तो नोंदवलेलाही हवा. तोंडी सौदेवाल्याला ही ढाल मिळत नाही.

पीक पाहणीला नाव लागले, फेरफारासाठी वर्दी दिली, शेतसारा भरला, यानेही मालकी येत नाही. महसुली नोंदी महसुलासाठी असतात. तुम्ही जमीन कसत होता हे त्यावरून दिसते. विकत घेतली होती हे त्यावरून दिसत नाही. आणि "अर्धलीने दिली होती" हा बचाव नेमका याच जागी आत शिरतो.

कब्ज्याचा एक उपयोग मात्र मोठा आहे, तो पुढे पाहा.

तिसराच घेऊन गेला तर?

माझ्या ओळखीच्या दुसऱ्या एका शेतकऱ्याने लग्नाच्या मांडवात सौदा ठरवला. ५१,००० रुपये रोख दिले. साक्षीला कोणी नाही, कब्जा नाही. सहा महिन्यांत मालकाने तीच जमीन तिसऱ्याला नोंदवलेल्या खरेदीखताने विकली. ज्याने पूर्ण किंमत मोजून, आधीच्या सौद्याची कल्पना नसताना, प्रामाणिकपणे जमीन घेतली, त्याच्या हातून ती काढून घेता येत नाही. दोघांत ठरलेले तिसऱ्याला लाभले. ५१,००० दिल्याचाही पुरावा नव्हता. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले.

पण जमीन तुमच्या कब्जात असेल, तर तिसऱ्याला "मला माहीत नव्हते" असे सहजासहजी म्हणता येत नाही. जमीन कोण कसतो आणि कोणत्या हक्काने कसतो याची चौकशी करणे हे घेणाऱ्याचे काम आहे, आणि कब्जेदाराच्या हक्काची त्याला जाणीव होती असे कायदा धरून चालतो. तुम्हीही जमीन घेताना बांधावर जाऊन विचारा, "कोण कसतो, किती वर्षे, कसा काय?"

दावा लावताना वकिलाकडून दोन गोष्टी करून घ्या. एक, जमीन विकू नये म्हणून मनाई हुकुमाचा अर्ज. दोन, खरेदीखत मिळाले नाही तर दिलेली रक्कम परत मिळावी ही मागणी. रक्कम परत मागितलीच नसेल तर कोर्ट आपण होऊन ती देत नाही. राहून गेली असेल तर दावा चालू असताना दुरुस्ती करून घालता येते.

जिथे कायद्याचीच आडकाठी आहे

काही जमिनींचा सौदा लेखी असो वा तोंडी, परवानगीशिवाय पुढे सरकत नाही. भोगवटादार वर्ग-२ च्या जमिनी, वतनाच्या जमिनी, आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने घेणे, बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेणे, आणि तुकडेबंदीच्या मर्यादेखालील तुकडा, या सगळ्यांना वेगवेगळे नियम आहेत. ते वेळोवेळी बदललेही आहेत. सातबाऱ्यावरचा भूधारणा प्रकार आणि इतर हक्काचा रकाना आधी वाचा. तेथे काही शेरा असेल तर तहसील कचेरीत विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

त्या दोघांचे काय झाले?

२०१८ च्या सुरुवातीला दावा लागला. तारखा पडत गेल्या. मधली दोन वर्षे महामारीत गेली. बागेवर तेल्या आला, तेव्हा बाई म्हणाल्या, "झाडं काढावी तर कोर्ट म्हणेल जमीन सोडली, ठेवावी तर खर्च कुणाच्या जमिनीवर करतोय ते कळत नाही." खटल्यातली जमीन अशी असते. ती धड कसवत नाही आणि सोडवतही नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे जे म्हणतात ते उगाच नाही.

साक्षी झाल्या. काकांची साक्ष, पासबुक आणि कॅलेंडर पाहिल्यावर तात्यांच्या मुलांचेही मन डळमळले. २०२२ साली लोकअदालतीत समेट झाला. घेणाऱ्याने ठरलेल्या पन्नास हजारांऐवजी साडेतीन लाख द्यायचे, आणि दोघे मुलगे व मुलगी या तिघांनी खरेदीखत करून द्यायचे. मुद्रांक व नोंदणीचा खर्च वेगळा, तोही घेणाऱ्याचा.

चार लाखांची जमीन सात लाखांना पडली, वर कोर्टाची चार-पाच वर्षे. पण खरेदीखत झाले, सातबारा नावावर झाला, आणि ठिबकचा अर्ज मी स्वतः भरला. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते, हाही एक फायदा.

तात्या वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी शब्द मोडला नाही. खरेदी पुढे पुढे ढकलत ते गेले, एवढेच. मुलगेही लबाड होते असे मला म्हणवत नाही. त्यांना खरोखरच कोणी काही सांगितले नव्हते. शब्द दोन माणसांत राहिला आणि त्यातला एक निघून गेला.

तुमचाही तोंडी सौदा झाला असेल तर

१. समोरचा हयात आहे आणि संबंध चांगले आहेत तोवर आजच कागद करा. साठेखत करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, किंवा थेट खरेदीखतच करा.

२. ते तात्काळ जमत नसेल तर निदान दिलेल्या रकमेची पावती घ्या. त्यात गट नंबर, क्षेत्र, ठरलेली किंमत, दिलेली रक्कम, बाकी आणि मुदत लिहा. सही घ्या, दोन बाहेरचे साक्षीदार घ्या. नोंदणी न झालेला कागदही करारपूर्तीच्या दाव्यात कराराचा पुरावा म्हणून दाखवता येतो. मात्र मुद्रांक अपुरा असेल तर तूट आणि दंड भरावा लागतो. महाराष्ट्रात कब्जा देण्याचा उल्लेख असलेल्या साठेखताला खरेदीखताइतका मुद्रांक लागतो, हे आधी विचारून घ्या.

३. बाकी रक्कम बँकेत वेगळी ठेवा. ठेवीची पावती जपा.

४. समोरचा टाळाटाळ करू लागला की वकिलामार्फत पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवा. "मी बाकी रक्कम घेऊन तयार आहे, अमुक तारखेला नोंदणी कार्यालयात या." त्या तारखेला स्वतः तेथे हजर राहा.

५. नकार कोणत्या दिवशी मिळाला ते लिहून ठेवा. ३ वर्षे त्या दिवसापासून मोजली जातात.

६. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असले तरी तेथे मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो.

देणाऱ्यांनाही दोन शब्द

तुम्ही म्हणाल, हे सगळे घेणाऱ्याच्या सोयीचे झाले. तसे नाही. तुमची जमीन विकायची नसताना कोणी उठून "यांनी मला शब्द दिला होता" असा दावा लावू शकतो. दावा खोटा असला तरी चार वर्षे जमीन अडकते. म्हणून बोलणी फिसकटली तर तसे निरोपाने नव्हे, लेखी कळवा. अर्धलीने किंवा खंडाने जमीन दिली तर त्याचाही कागद करा. तसा कागद तात्यांच्या घरात असता तर मुलांना कोर्टात काही सांगायची वेळच आली नसती. आणि नसताना त्यांनी अर्धलीचा बचाव घेतला, तो टिकण्याजोगा नव्हता.

सौदा केला असेल तर तो घरात सांगा. बायकोला सांगा, मुलांना सांगा, सासरी गेलेल्या मुलीलाही सांगा. बापाने दिलेला शब्द मुलांना बापाच्या तोंडून कळला तर ते बहुधा पाळतात. दहाव्याच्या दिवशी शेजाऱ्याच्या तोंडून कळला तर तो त्यांना डाव वाटतो.

आपल्याकडे कागद मागणे हा अविश्वास समजला जातो. "माझ्या शब्दावर भरोसा नाही का?" असे कोणी म्हटले की आपण ओशाळतो. पण आपण बियाण्याच्या पिशवीची पावती जपून ठेवतो, ती दुकानदार चोर आहे म्हणून नव्हे. उगवण झाली नाही तर दाद मागता यावी म्हणून. पिशवी एका हंगामाची असते, जमीन पिढ्यांची. पुढच्या वेळी कोणी तसे म्हणाले तर त्यांना नम्रपणे सांगा, "तात्या, तुमच्यावर पूर्ण भरोसा आहे. म्हणून तर तुमच्या हयातीत, तुमच्या हाताने लिहून पाहिजे."